शेवटच्या कडीचा दोरा

१

कडी बांधायला दोन माणसं असली तर काम चांगलं होतं. एकानं काठी फिरवायची, दुसऱ्यानं दोरा धरायचा.

मासे धरण्याच्या काठीला बुडख्यापासून शेंड्यापर्यंत तारेच्या कड्या असतात. चक्रीतून सुटलेला तंगूस, म्हणजे गळाची दोरी, त्यांतून ओवून पुढे पाण्यात जातो. प्रत्येक कडीला दोन चपटे पाय असतात. ते पाय काठीवर टेकवायचे आणि त्यांच्यावरून रेशमी दोऱ्याचे वेढे घालायचे. वेढा वेढ्याला असा चिकटून बसला पाहिजे की मधून बांबू दिसता कामा नये. मग वार्निशचे हात द्यायचे. हे काम घाईचं नाही. दोऱ्याचा ताण मात्र पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत एकसारखा लागतो. सैल पडला तर कडी हलते. जास्त झाला तर पाय बांबूत रुततात आणि मोठा मासा लागला की काठी नेमकी तिथंच मोडते.

मी सांगलीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. काठ्या बांधणं हा माझा छंद. कृष्णेवर ओळखी झालेले चार लोक मापाची काठी मागायचे, त्यांना मी करून द्यायचो. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं. त्यावर दोन लाकडी खाचांत काठी आडवी ठेवून मी ती अंगाकडे फिरवायचो. मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी पाट टाकून विजयमाला बसायची. माझी बायको. मांडीवर रीळ आणि उजव्या हाताच्या तर्जनीवरून घेतलेला दोरा अंगठ्यानं दाबलेला. ती सतत बोलत असायची. विश्रामबागेत भाजी महाग मिळते, आमच्या शालनच्या सासूबाईंनी काय निरोप पाठवला, जिन्याखाली मांजर व्यालंय. तोंड चालू असायचं, पण हात तेवढा गप्प असायचा. वेढे संपत आले की न सांगता तिच्या बोटांतून दोरा किंचित हलका व्हायचा, कारण शेवटचे वेढे एका सुट्या फासावरून घालून त्या फासानं दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली ओढून घ्यायचं असतं आणि तिथं ताण थोडा कमीच लागतो. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

१९७३ च्या श्रावणात तिला मिरजेच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही.

त्यानंतर मी टेबलावर कापड टाकून ठेवलं होतं.

२

ते कापड काढायला लावलं सुभेदार आकाराम यांनी. आमचा जुना ओळखीचा, पलटणीतून निवृत्त होऊन साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळ आपल्या गावी उसाच्या वावरात रमलेला माणूस. मिरजेला डोळे दाखवायला आले होते, जाताना आमच्याकडे उतरले. पाणी प्याले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले.

"वैनींचं लय उशिरा कळलं, मास्तर. आमी काय कागदं वाचत न्हाई."

"असू द्या."

"त्यांच्या हातचा चहा प्यालोय मी. साखर कमी घालायच्या, पन मागितली की द्यायच्या." मग एकदम गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "काठी पायजे. वीरच्या धरनावर बसायचं हाय. बायको म्हनती, घरात बसून माझं डोस्कं खाता, त्यापरास जावा पान्यावर."

"मी आता काठ्या करत नाही, सुभेदार."

"मंग काय करता?"

त्यांनी बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "माप घ्या. पलटनीत सगळं दोन माप मोठंच मिळायचं, बूट बी आन् कोट बी. काठी तरी अंगाची द्या. घाई न्हाई. पन लय उशीर बी नको, धरनातलं मासं म्हातारं व्हायला लागलंय."

मी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माप घेतलं. त्यावरच मुठीची लांबी ठरते.

३

मेच्या सुट्टीत काम सुरू झालं. बांबू वर्षभर सुकलेलाच होता. कड्या पोलादी तारेच्या, मिरजेच्या एका ओळखीच्या कारागिराकडून वळवून आणल्या. दोरा नेहमीचा, रेशीम विकणाऱ्या पटवेकऱ्याकडचा, डाळिंबी रंगाचा. रंग विजयमालाच निवडायची. मी दुसरा मागणार होतो, पण दुकानात तोंडातून डाळिंबीच निघालं.

एकट्यानं कडी बांधायची एक युक्ती आहे. जाड पुस्तक घ्यायचं, त्याच्या पानांतून दोरा न्यायचा, म्हणजे पानांच्या दाबानं ताण येतो. मी टेबलाच्या कडेला शब्दकोश ठेवला. रीळ खाली पितळी वाटीत सोडलं. दोरा ओढला जाई तसं रीळ वाटीत नाचे आणि किणकिण आवाज येई. दुपारी घर बंद असायचं. बाहेर ऊन, रस्त्यावर कोणी नाही. त्या किणकिणीची सोबत वाटायची.

सुभेदारांच्या काठीला आठ कड्या होत्या. बुडख्याकडच्या चार अशाच बांधल्या. वेढे बरे बसले, पण पुस्तकाचा ताण तो पुस्तकाचाच. सुरुवातीला जितका, शेवटी तितकाच. फास ओढताना दर वेळी दोरा करकरायचा.

पाचव्या कडीला करकरला नाही.

मी शेवटच्या वेढ्यांवर आलो आणि दोरा आपण होऊन हलका झाला. अगदी थोडा. फास सहज निघाला, टोक वेढ्यांखाली गेलं, मी ब्लेडनं ते कापलं. काठी खिडकीकडे धरून पाहिली. इतकी सुबक कडी मी एकट्यानं कधी बांधली नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बराच वेळ वाटी वाजलेली नाही.

खाली पाहिलं. रीळ वाटीत शांत पडलं होतं. दोऱ्याचं टोक रिळाच्या खाचेत नीट अडकवलेलं होतं, काम थांबवताना मी अडकवतो तसं.

४

म्हणजे पुस्तकातून येणारा दोरा या रिळाचा नव्हता.

मी पुस्तकाच्या पलीकडची बाजू पाहिली. दोरा टेबलावरून खाली उतरला होता आणि फरशीवरून मधल्या खोलीत गेला होता. आमच्या घराच्या तिन्ही खोल्या एका ओळीत, दारासमोर दार. दोरा मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दाराच्या फटीखालून अंगणात. मी दार उघडलं. अंगणात धुण्याच्या दगडापाशी तो संपत होता. टोक मोकळं, मातीत पडलेलं. त्याला रीळ नव्हतं, काहीच नव्हतं. रंग तोच, डाळिंबी. कुंपणापासून दगडापर्यंत मातीत एक बारीक रेघ उमटली होती. एवढं अंतर तो सरकत आला होता.

मी उन्हात उभा राहून विचार केला. विजयमालाच्या शिवणाच्या डब्यात जुनी रिळं असायची. त्यांतलं एखादं कामाला येणाऱ्या साळूबाईंनी झाडलोट करताना बाहेर लोटलं असेल, मांजरानं दोरा उलगडत घरभर नेला असेल. पाचवी कडी सुरू करताना मी वाटीतल्या रिळाचं टोक समजून तेच टोक उचललं असेल. नंतर शब्दकोशाच्या पानांत मीच ते सरकवलं असेल. यात अशक्य काही नव्हतं.

अडचण एकच होती, आणि ती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून मुलांना दाखवत आलो होतो. दोरीला ताण यायचा तर दोन्ही टोकांना ओढ हवी. एक टोक मातीत सुटं पडलेला दोरा ताणलेला असू शकत नाही.

घर्षण, मी स्वतःला म्हणालो. दोन उंबरे, दाराची फट, एवढी फरशी. घर्षणानंही ताण येतो.

तो शेवटी हलका का झाला, याचं उत्तर घर्षणात नव्हतं. पण तेवढं मी सोडून दिलं.

सकाळी साळूबाई आल्या. भांडी घासून झाल्यावर दारातूनच ओरडल्या, "मास्तर, मागल्या अंगनात दोरा पडलाय. गुंडाळून ठिवू का?"

"राहू दे."

"राहू दे म्हंजी? पायात यील की कुनाच्या."

"माझ्या कामाचा आहे."

"काम टेबलावर आन् दोरा मोरीपाशी," त्या स्वतःशी पुटपुटल्या. "वैनी असत्या तर बरं झालं असतं बाई."

५

सहाव्या कडीला मी मुद्दाम तोच दोरा घेतला. मनाशी म्हटलं, परीक्षा करायची. वाटीतलं रीळ उचलून कपाटात ठेवलं. शब्दकोशही बाजूला केला. दोरा सरळ हातात घेतला आणि काठीवर पहिला वेढा टाकला.

तो ताणलेला होता.

या कामात एक नियम असतो. वेढे पडत असताना नजर वर काढायची नाही. काढली की फट पडते, आणि फट पडली की सगळं उलगडून पुन्हा सुरुवात. म्हणून मी वर पाहिलं नाही. काठी फिरवत राहिलो. ताण मला ओळखीचा होता. हाताची ओळख चेहऱ्यापेक्षा लवकर पटते. मध्ये एकदा दोन वेढ्यांमध्ये मी थोडा रेंगाळलो, तेव्हा समोरचा ताण वाट पाहत थांबला. पुस्तकाचा ताण वाट पाहत नाही.

कडी पुरी झाल्यावर मी उठलो आणि दोऱ्याच्या बाजूबाजूनं चालत गेलो. मागचं दार आतून बंद होतं. टोक आता आतल्या बाजूला, दाराच्या पायरीशी पडलं होतं. सुटं.

टोक जवळ येणारच. दोरा काठीवर गुंडाळला जातोय, तेवढा तो पलीकडून कमी होतोय. इतकं साधं गणित. एखादी वस्तू दोऱ्याला बांधली असती तर तीही तितकीच जवळ आली असती.

त्या दिवशी मी जेवताना दोन ताटं घेतली. एक परत ठेवलं. मला भीती वाटत नव्हती, हे लिहून ठेवलं पाहिजे. वर्षभरात प्रथमच दुपार कधी येते याची मी वाट पाहू लागलो होतो. आणि मग मी शेंड्याकडच्या उरलेल्या दोन कड्यांचा विचार केला. एका कडीला किती दोरा लागतो हे मला चांगलं माहीत होतं. सातवी पुरी होईल तेव्हा टोक स्वयंपाकघराच्या दाराशी येईल. आठवी पुरी होईल तेव्हा माझ्या खुर्चीशी.

६

सातवी कडी बांधून झाली त्याच दुपारी शालन आली. माझी एकुलती मुलगी, साताऱ्यात दिलेली. जावई तिथं बँकेत होते. तिला सहावा महिना होता. रेल्वेचा संप चालू होता, त्यामुळे एसटीला माणसं दाराला लोंबकळत होती, आणि ही त्या गर्दीतून एकटी आली होती.

"कुणी जागा तरी दिली का?" मी विचारलं.

"सगळ्यांनी दिली. पोट बघून अख्खी गाडी उठायला लागली. कंडक्टर म्हणाला, ताई, तुम्ही दोघांचं तिकीट काढा." ती हसली. मग घरभर फिरली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून खाली वाकायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "आप्पा, हा दोरा इथं कशाला?"

"ताणासाठी."

"इतक्या लांबून?"

"लांबून बरा बसतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आईसारखं, मान जरा कलती करून. "तुम्ही बारीक झालात. माझ्याबरोबर साताऱ्याला चला. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी आता आहे कोण? सासूबाई सगळं करतील. पण तुम्ही नुसते तिथं बसलेले असलात तरी मला पुरे. मला भीती वाटते आप्पा. आई असती तर मी म्हटलं नसतं."

"ही काठी झाली की येतो."

"किती राहिलंय?"

"एक कडी."

"एक कडी! अहो मग आत्ता बांधा की. मी धरते दोरा, आई धरायची तसा."

"नको," मी पटकन म्हणालो.

तिनं टेबलावरच्या काठीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. मग ती होईपर्यंत मी इथनं हलत नाही. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही कळवा. लिहा त्यांना, की तुमची सून एका कडीसाठी अडून बसलीय."

तिनं असं म्हटल्यावर मी हसलो, पण काम काढलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटची कडी मला बांधायची होती आणि ती संपायला नको होती. शालन सकाळी उठून विचारायची, "आज?" मी सांगायचो, "शेंड्याची कडी नाजूक असते." ती पाय सुजलेले घेऊन भाकऱ्या थापायची. तिला कपडे भरलेली पिशवी उघडायचीही इच्छा नव्हती. पिशवी दाराशी तशीच उभी होती.

तिसऱ्या दुपारी मी टेबलापाशी बसलो.

७

ती मधल्या खोलीत सतरंजी टाकून आडवी झाली होती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे, दोन्ही दारांच्या बरोबर मध्ये.

"शालन, इकडे बाहेर निजतेस का? तिथं दोरा आहे."

"इथंच गार आहे. आई इथंच निजायची." तिचे डोळे मिटत आले होते. "तुमच्या दोऱ्याला माझं पोट अडतंय होय?"

तिला उठवायला हवं होतं. मी दोरा उचलला.

तो ताणला गेला. शालनच्या अंगावरून वीतभर उंच उचलला गेला आणि स्थिर झाला. मी काठीकडे नजर वळवली आणि फिरवू लागलो.

शेंड्याची कडी लहान असते. बांबू तिथं बोटापेक्षा बारीक. वेढा वेढ्याशी लागत गेला. बाहेर कुठंतरी होला घुमत होता, तो थांबला. मग मला निऱ्यांचा आवाज आला. नवी साडी असली की पहिल्या धुण्यापर्यंत चालताना निऱ्या सळसळतात, तसा. स्वयंपाकघराच्या दारातून. मी फिरवलं की आवाज व्हायचा, थांबलो की थांबायचा. मी जरा जोरानं फिरवलं. आवाज मधल्या खोलीत आला. माझ्या मनात तेव्हा फक्त उरलेले वेढे होते. पुरे होतील का, एवढंच. शालनचा विचार माझ्या मनात नव्हता.

"आप्पा," शालन म्हणाली.

आवाज झोपेतला होता.

"ओलांडलंत ना मला? परत उलटं ओलांडा."

माझा हात थांबला.

निजलेल्या माणसाला ओलांडू नये, आणि चुकून ओलांडलं तर त्याच वाटेनं उलटं ओलांडून जावं. हे आमच्याकडे रांगतं पोर सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. पोटुशी बाईच्या बाबतीत तर कोणी चुकतही नाही. विजयमाला कधी कुणाला ओलांडून गेली नव्हती. मी दारात आडवा झोपलेला असलो तर ती मागच्या अंगणातून घराला वळसा घालून पुढच्या दारी यायची. व्यालेल्या मांजरालासुद्धा तिनं कधी ओलांडलं नव्हतं.

आणि मी खुर्चीवरून हललो नव्हतो.

आता ती शालनच्या अलीकडे होती. टेबल आणि सतरंजी यांच्या मध्ये. थोडे वेढे उरले होते. मान वर केली असती तर दिसलं असतं. नुसता हात फिरवत राहिलो असतो तर मान वर करायचीही गरज पडली नसती. वर्षभर मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

"आप्पा, उलटं ओलांडा ना. बाळाला बरं नसतं ते." एवढं म्हणून तिनं पोटाखाली हात घेतला.

मी काठी उलटी फिरवली.

वेढा सुटला. मग दुसरा. ओढणारं कोणी नसतं तर सुटलेला दोरा माझ्यापुढं टेबलावर साठला असता. साठला नाही. जेवढा सुटे तेवढा पलीकडे जाई, ताण जराही न मोडता. मी सोडत गेलो. ती जात होती. मी तिला घालवत होतो, आणि ती ते मुकाट्यानं ऐकत होती.

उलगडताना फट पडायची भीती नसते. मी मान वर केली.

मधली खोली उजेडात होती. शालन कुशीवर निजली होती. दोरा टेबलापासून सरळ गेला होता, आणि तिच्या अगदी अंगाशी, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर, तो हवेत वाकला होता. तर्जनीवरून घेतलेला दोरा अंगठ्याखाली जाताना जसा वाकतो तसा. वाकल्यापुढं तो लोंबत होता. त्या वाकण्यापाशी दुसरं काही नव्हतं.

मी एक वेढा सोडला. ते वाकणं मागं सरकलं. अजून एक सोडला. ते शालनच्या अंगावर आलं आणि पलीकडे गेलं. सावकाश, एका उंचीवर, सरळ. मी ते सगळं पाहिलं. शालननं सुस्कारा सोडला आणि तिचा हात पोटावरून घसरून सतरंजीवर पडला.

शेवटचा वेढा सुटल्यावर दोरा माझ्या चिमटीत राहिला. मी तो थोडा वेळ धरला. समोरूनही धरलेला होता. मग मी चिमूट उघडली. टोक टेबलावरून खाली उतरलं, फरशीवरून, शालनच्या सतरंजीच्या कडेनं, स्वयंपाकघरात गेलं. मागच्या दाराच्या फटीपाशी लाकडाला काहीतरी घासल्यासारखं वाजलं.

"ओलांडलंत?" शालननं डोळे न उघडता विचारलं.

"हो," मी म्हणालो.

८

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याच्या गाडीत बसलो. जाताना साळूबाई म्हणाल्या, "दोरा गुंडाळला वाटतं शेवटी." मी मान हलवली.

काठी सात कड्यांचीच सुभेदारांना दिली. ते जावयाच्या घरी येऊन घेऊन गेले. एक डोळा मिटून त्यांनी बुडख्याकडून शेंड्याकडे पाहिलं. "सगळ्या एका रेषेत हायत. ती शेंड्याची ऱ्हायली व्हय?"

"ती माझ्यानं झाली नाही."

"असू द्या. मी बांधून घीन कुनाकडनं," ते म्हणाले, आणि मग कधी नव्हे ते माझ्या पाठीवर हात ठेवून गेले.

पुष्कळ दिवस मी स्वतःची एका गोष्टीवर समजूत घालत होतो. विजयमाला कुणाला ओलांडून जाणारी नव्हती, म्हणून आलं ते कोणीही असो, ती नव्हती. यात धीर होता. भलतंच काही घरात आलं होतं, ते मी वेळेवर घालवलं, मुलगी वाचवली. पण हात तिचा होता. त्यात माझी चूक होणं शक्य नाही. आणि मी जे पाहिलं तेही विसरता येत नाही. वाटेत कोणी निजलेलं आहे हे दिसत असलं, तर माणूस पाय उचलतो. पाय उचलला की सगळं अंग थोडं वर होतं, हात वर होतो, हातातला दोराही वर होतो. तो वर झाला नव्हता. रिकाम्या फरशीवरून चालावं तशी ती शालनवरून गेली होती. येताना हातातल्या दोऱ्याला उचल जाणवली नव्हती, जाताना ती दिसली नव्हती.

तिनं शालनला ओलांडलं नव्हतं. शालन तिला दिसलीच नव्हती. आणि मग ती दोऱ्यामागून आली, तेव्हा दोऱ्याच्या या टोकाला कोण आहे, हे तरी तिला ठाऊक होतं का?

भाद्रपदात शालनला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाराव्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. पाळणा झाल्यावर सगळ्या जेवायला आत गेल्या आणि शालननं मूल माझ्या मांडीवर दिलं. त्याचं कपाळ विजयमालाचं होतं, तसं सगळेच म्हणत होते. शालन माझ्याशेजारी टेकून बसली. दमलेली होती, पण चेहरा उजळला होता.

"आई बघत असेल ना हो, आप्पा?" ती म्हणाली. "कुठूनतरी बघत असेलच की."

आतून सासूबाई म्हणाल्या, "बघत असणार, बाई. न बघून राहील होय ती?"

शालन माझ्याकडे पाहत थांबली होती. मी बाळाच्या टोपड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.